खडाखडी

गावच्या जत्रेचा दिवस आहे. उन्हे कलली आहेत. देवळामागच्या माळावर कुस्त्यांचा फड भरला आहे आणि हलगीचा आवाज शिवारापर्यंत पोहोचत आहे. लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या केव्हाच आटोपल्या आहेत. आता शेवटची, मानाची जोड मैदानात उतरली आहे. दोन्ही मल्ल वाकून माती कपाळाला लावतात, शड्डू ठोकतात. पंच त्यांच्या हातात हात देतात आणि सलामी झडते. हजारो माणसे श्वास रोखून बघू लागतात.

परंतु मैदानात फारसे काही घडताना दिसत नाही. दोघांची कपाळे एकमेकांना भिडली आहेत. एकाचा हात दुसऱ्याच्या मानेवर आहे, दुसऱ्याचा हात पहिल्याच्या मनगटावर आहे. कधी एक पाऊल पुढे, कधी दोन पावले मागे. कधी एक जण रेटतो, कधी दुसरा ओढतो. दोन मिनिटे जातात, चार मिनिटे जातात. पुढच्या रांगेत बसलेला एखादा मुलगा कंटाळतो. हे दोघे कुस्तीला सुरुवात का करीत नाहीत, असे त्याला वाटू लागते. त्याच्या शेजारचे म्हातारे आजोबा मात्र पुढे सरसावून बसलेले असतात, आणि त्यांची नजर मल्लांच्या चेहऱ्यांकडे नसून पावलांकडे असते.

तेवढ्यात एक मल्ल एकाएकी खाली जातो. त्याचा खांदा दुसऱ्याच्या मांडीला भिडतो, पाय हातात येतो, आणि पापणी लवण्याच्या आत दुसऱ्या मल्लाची पाठ मातीला लागते. मैदानात एकच गर्जना होते. मुलाला वाटते की कुस्ती या एका क्षणात झाली. आजोबांना ठाऊक असते की ती आधीच्या चार मिनिटांत झाली होती. शेवटच्या क्षणी फक्त तिचा निकाल लागला.

उभ्याने चालणाऱ्या या आरंभीच्या झटापटीला मराठीत खडाखडी म्हणतात. दोघेही मल्ल नुसतीच रेटारेटी करीत राहिले, तर ती कंटाळवाणी होते आणि पंच त्यांना ताकीद देतात. पण जाणत्या मल्लाची खडाखडी म्हणजे डावाची मशागत असते. शेतकरी जमीन नांगरतो, कुळवतो, आणि मगच चाड्यावर मूठ धरतो. नांगरटीवाचून फेकलेले बियाणे पाखरे टिपून नेतात. कुस्तीतील डावाचेही तसेच आहे.

उभ्या मल्लाला खाली आणण्याचे अनेक डाव आहेत. त्यांतील सर्वांत परिचित डाव म्हणजे पट. प्रतिस्पर्ध्याचा एक पाय धरून त्याला खाली आणले तर तो एकेरी पट, आणि दोन्ही पायांना मिठी घातली तर दुहेरी पट. वर्णन ऐकून हा डाव सोपा वाटतो. पण समोरचा मल्ल पवित्र्यात उभा असतो. त्याचे गुडघे किंचित वाकलेले असतात, कंबर खाली असते, पाठ सरळ आणि मान ताठ असते. कोपरे बरगड्यांजवळ असतात आणि पंजे पुढे असतात. त्याच्या पायापर्यंत पोहोचायचे म्हणजे तीन पहारे ओलांडावे लागतात. पहिला पहारा हातांचा, दुसरा डोक्याचा आणि तिसरा कमरेचा. हात येणाऱ्याला अडवतात. हातांतून निसटला, तर कपाळ आडवे येते. तेही चुकवले, तर सावध मल्ल आपले दोन्ही पाय झटकन मागे फेकतो आणि छातीचा सारा भार हल्ला करणाऱ्याच्या पाठीवर टाकतो.

मग उतावळ्या मल्लाची स्थिती मोठी बिकट होते. तोंड मातीकडे, मान दुसऱ्याच्या पकडीत आणि पाठीवर त्याचे ओझे! वरचा मल्ल पाठीमागे जाऊन कब्जा घेतो आणि सवारी, घिस्सा यांसारखे डाव टाकू लागतो. म्हणजे ज्याने हल्ला केला, त्याच्यावरच बचाव करण्याची पाळी येते. यास्तव तालमीत वस्ताद नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात बजावतात की समोरच्याचा पाय कोठे आहे हे सर्वांनाच दिसते. तो केव्हा हाती लागेल हे ज्याला कळते तोच पट काढतो.

हे ‘केव्हा’ ओळखण्यासाठी तोल म्हणजे काय हे समजले पाहिजे. मनुष्य उभा असताना त्याच्या शरीराचा भार दोन पावलांच्या मधल्या जागेवर पडत असतो. ही जागा जितकी रुंद आणि शरीर जितके खाली झुकलेले, तितका तो अधिक स्थिर असतो. भार त्या जागेच्या बाहेर गेला की त्याला चटकन पाऊल तरी टाकावे लागते किंवा खाली तरी पडावे लागते.

हा नियम पाहण्यासाठी आखाड्यातच गेले पाहिजे असे नाही. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कल्याणनंतरचे पहिलेच स्थानक विठ्ठलवाडीचे आहे. तेथे थांबलेल्या लोकल गाडीत जो प्रवासी पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून उभा असतो, तो गाडी सुटताच मागे झोकांडतो. आणि गाडीला अचानक ब्रेक लागला, तर पुढे कोलमडतो. रोजचा प्रवासी मात्र पाय फाकवून, गुडघे सैल ठेवून उभा राहतो. तो नकळत पवित्राच घेतो. ज्याचा तोल गेला आहे अशा प्रवाशाला त्या क्षणी एखाद्या लहान मुलाचा धक्का लागला, तरी तो पडतो. तोच प्रवासी सावरून उभा राहिला, म्हणजे मोठ्या माणसाच्या धक्क्यानेही हलत नाही. माणूस तोच आणि त्याचे वजनही तेच; फरक पडतो तो क्षणाचा.

आखाड्यात असा हिसका देणारी गाडी नसते. तो हिसका मल्लाला आपल्या हातांनी, मानेने आणि पावलांनी निर्माण करावा लागतो. खडाखडीचे सारे उपाय यासाठीच आहेत.

पहिला उपाय हुलीचा. मल्ल आपला हात प्रतिस्पर्ध्याच्या कपाळाकडे किंवा मानेकडे वेगाने नेतो. प्रतिस्पर्धी तो हात अडवण्यासाठी आपले हात वर करतो. त्याबरोबर त्याची कोपरे बरगड्यांपासून सुटतात आणि खाली वाट मोकळी होते. त्याच क्षणी मल्ल गुडघ्यांत वाकून आत शिरतो. हुतुतूमध्ये चढाई करणारा गडी हात एकाकडे दाखवतो आणि पाय दुसऱ्याला लावतो, त्यातलाच हा प्रकार. मात्र हूल खरी वाटली पाहिजे. म्हणून कसलेला मल्ल आधी दोन-तीन वेळा खरोखरच मान पकडतो आणि खाली दाबतो. मान दाबली जाण्याचा त्रास प्रतिस्पर्ध्याने अनुभवला, म्हणजे पुढच्या वेळी नुसता हात दिसताच तो वर पाहतो. आत शिरतानाही वाकायचे ते गुडघ्यांत. कमरेत वाकले तर मान खाली जाते आणि आयती पकडीत सापडते.

दुसरा उपाय रेट्याचा आणि ओढीचा. कोणालाही मागे रेटले की तो उलट पुढे रेटतो, आणि पुढे ओढले की तो मागे जोर लावतो. हा मनुष्याच्या शरीराचा स्वभावच आहे. रस्सीखेचीत एका बाजूने दोर अचानक सैल सोडला, तर दुसरी बाजू आपल्याच जोराने मागे पडते. चतुर मल्ल हेच करतो. तो मान धरून खाली ओढतो. प्रतिस्पर्धी मान सोडवण्यासाठी ताठ होतो, त्याची कंबर वर येते आणि पाय उघडे पडतात. हीच पटाची वेळ. उलट, छातीने रेटा दिला की प्रतिस्पर्धी सारा जोर एकवटून पुढे येतो. त्या येण्याच्या भरातच मल्ल रेटणे थांबवतो आणि अंग वळवतो. प्रतिस्पर्ध्याचा हात खांद्यावर घेऊन, धोबी कपडा आपटतो त्याप्रमाणे त्याला पुढे टाकले तर तो धोबीपछाड. त्याला मिठीत आवळून, वळून, कमरेवरून खाली घेतले तर तो ढाक. या डावांत पाडणाऱ्याच्या जोराइतकाच पडणाऱ्याचा जोरही खर्ची पडत असतो.

तिसरा उपाय पावलांचा. मल्ल एका जागी उभा न राहता प्रतिस्पर्ध्याभोवती फिरू लागतो. त्याला तोंड देण्यासाठी प्रतिस्पर्ध्यालाही पाऊल उचलावे लागते. उचललेले पाऊल जमिनीवर टेकते त्या क्षणी शरीराचा भार त्यावर येतो, आणि भार आलेला पाय झटकन मागे घेता येत नाही. मल्लाचा हात नेमका तेव्हा त्या पायाशी पोहोचला पाहिजे. पण येथे एक गंमत आहे. भार असलेला पाय पळू शकत नाही हे खरे; परंतु तो उचलताही येत नाही. म्हणून पाय हाती येताच मल्ल खांद्याने बाजूला रेटा देतो, भार दुसऱ्या पायावर ढकलतो, आणि मगच हातातला पाय वर उचलतो. आखाड्याच्या कडेला बसलेल्या आजोबांची नजर पावलांवर का होती, हे आता ध्यानात येईल.

चौथा उपाय मनगटाचा. प्रतिस्पर्ध्याचे मनगट पकडून, दुसऱ्या हाताने त्याचा दंड धरून, त्याचा हात तिरपा ओढला की त्याचे अंग आपोआप वळते आणि एक बाजू उघडी पडते. याला दस्ती ओढणे म्हणतात. हातांचा पहारा अशा रीतीने बाजूला सारून मल्ल पाठीमागे जाऊ शकतो. कित्येकदा पायाला हात न लावताच कब्जा मिळतो.

पाचवा उपाय डावावर डाव रचण्याचा. मल्ल पुढच्या पायावर पट टाकतो. प्रतिस्पर्धी तो पाय चपळाईने मागे घेतो, परंतु तो मागे घेताना त्याचा दुसरा पाय पुढे राहतो. खरा हल्ला त्या दुसऱ्या पायावर करायचा असतो. पहिला पट केवळ त्याला पुढे आणण्यासाठी टाकलेला असतो. बुद्धिबळात कसलेला खेळाडू एक प्यादे देऊन मोठे मोहरे टिपतो, तशीच ही योजना होय.

हे सर्व लिहिण्यास वेळ लागतो. आखाड्यात ते एका श्वासात घडते. शिवाय समोरचा मल्लही हेच उपाय जाणत असतो. प्रत्येक डावाला तोड असते आणि तोडीलाही तोड असते. म्हणून खडाखडीत मल्ल एकमेकांची जणू परीक्षा घेत असतात. याचे कोणते पाऊल पुढे असते? कोणता हात अधिक बळकट आहे? रेटा दिला की हा चिडतो की शांत राहतो? याचा श्वास लागला आहे काय? या प्रश्नांची उत्तरे ज्याला आधी मिळतात, त्याला डाव आधी सुचतो. केवळ अंगबळावर विसंबणारा मल्ल प्रश्न विचारीतच नाही, आणि पुष्कळदा आपल्याहून हलक्या मल्लाकडून चितपट होतो.

अर्थात हे ज्ञान पुस्तक वाचून अंगी येत नाही. तालमीत पहाटे जोर आणि बैठका काढाव्या लागतात. आखाड्याची माती खोदून भुसभुशीत करावी लागते. मग वस्तादांच्या देखरेखीखाली जोडीदाराबरोबर एकच हालचाल प्रथम सावकाश, नंतर वेगाने, पुन्हा पुन्हा करावी लागते. इतकी, की विचार करण्यापूर्वीच शरीर हलले पाहिजे. आज तालमींतून मुलीही हे शिक्षण घेतात. शिकणाऱ्याने एक पथ्य मात्र पाळलेच पाहिजे. कठीण जमिनीवर, वस्ताद जवळ नसताना, थट्टेनेही डाव टाकू नये. मान आणि गुडघा हे अवयव नाजूक असतात. त्यांची दुखापत जन्मभर पुरते. जोडीदाराला सुखरूप खाली ठेवणे हाही डावाचाच भाग मानला जातो.

महाराष्ट्रात ही विद्या फार जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांचा आहार, व्यायाम आणि कुस्ती यांचे वर्णन आढळते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना उदार आश्रय दिला आणि कोल्हापुरात खासबागेचे प्रसिद्ध मैदान बांधले. त्या काळी मातीवरील मोठ्या कुस्त्या दीर्घकाळ चालत आणि खडाखडीला भरपूर अवसर मिळे. जागतिक स्पर्धांतील कुस्ती मात्र गादीवर होते आणि तिला वेळेचे बंधन असते. आज त्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोन भाग असतात. उभ्या प्रतिस्पर्ध्याला खाली आणून कब्जा घेतला की दोन गुण मिळतात. जो मल्ल हल्ला न करता वेळ काढतो, त्याला पंच ताकीद देतात. तरीही तो सुधारला नाही, तर त्याला तीस सेकंदांची मुदत मिळते, आणि तेवढ्यात त्याने गुण मिळवला नाही, तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण दिला जातो. मातीत पाऊल किंचित रुतते, गादीवर ते भरभर उचलते. त्यामुळे मातीवर वाढलेल्या मल्लाला गादीवर आपली सारी खडाखडी नव्याने शिकावी लागते. तिचे तत्त्व तेच राहते. वेळ मात्र फार थोडा उरतो.

मातीवरून गादीकडे जाणारा हा अवघड मार्ग खाशाबा जाधव यांनी चालून दाखवला. सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात 1926 साली त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते आणि मुलाचे पहिले वस्तादही तेच. खाशाबांची शरीरयष्टी लहानखुरी होती. धिप्पाड मल्लांच्या गर्दीत ते नजरेत भरत नसत. पण चपळाई आणि डावांचे ज्ञान यांच्या बळावर त्यांनी नाव मिळवले. ढाक या डावात ते विशेष निष्णात होते.

1948 साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने खाशाबा तेथे गेले आणि त्यांनी आपल्या वजनगटात सहावा क्रमांक मिळवला. जन्मभर मातीवर खेळलेल्या तरुणाने परक्या देशात, गादीवर, अनोळखी नियमांनी लढून मिळवलेले हे स्थान लहान नव्हते. परंतु त्यांना ते पुरेसे वाटले नाही. पुढची चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली. 1952 च्या हेलसिंकी येथील ऑलिंपिकला जाण्याची वेळ आली, तेव्हा पैशांची अडचण उभी राहिली. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. ज्या राजाराम महाविद्यालयात ते शिकले, त्याचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीत खाशाबा 57 किलो वजनगटात उतरले. तेव्हा एक कुस्ती पंधरा मिनिटांची असे. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांवर त्यांनी मात केली. जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव्ह यांच्याकडून मात्र त्यांना हार पत्करावी लागली. त्या दोघांनी अनुक्रमे सुवर्ण आणि रौप्य पदक मिळवले, आणि खाशाबांना कांस्य पदक लाभले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने ऑलिंपिकमध्ये मिळवलेले ते पहिले वैयक्तिक पदक होय. असे दुसरे पदक देशाला मिळण्यास 1996 साल उजाडावे लागले. खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. पुढे त्यांनी कुस्त्या भरवून खर्डेकरांचे ऋण फेडले.

खाशाबांच्या मागून अनेक मराठी मल्लांनी हा मार्ग चोखाळला. बीड जिल्ह्यातील राहुल आवारे यांनी खाशाबांच्याच 57 किलो गटात 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि 2019 मध्ये 61 किलो गटात जागतिक स्पर्धेचे कांस्य पदक मिळवले.

हेलसिंकीतील पदक काही मिनिटांच्या कुस्त्यांत जिंकले गेले, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. परंतु त्या मिनिटांच्या मागे लंडनचा सहावा क्रमांक होता, चार वर्षांची मेहनत होती, गावाची वर्गणी होती आणि एका शिक्षकाचे गहाण पडलेले घर होते. जत्रेतल्या मुलाला पुढे कधीतरी हे उमगते. पुढच्या वर्षी तो पुन्हा फडाच्या पहिल्या रांगेत येऊन बसतो. सलामी झडते, कपाळाला कपाळ भिडते, आणि या वेळी आजोबांप्रमाणेच त्याचीही नजर मल्लांच्या पावलांवर खिळलेली असते.